कोंडवाड्याचं फाटक म्या उघडलं

माह्यावर माणूस मारल्याचा खटला चालला तेव्हा मी नववीत बसलतो, तेही तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वर्षी नववीनं मले ठेवून घेतलं, माह्याबिगर तिले करमत नसन म्हणून. हे मी बोलून राह्यलो अन् माही नात वैष्णवी लिहून राह्यली. कारण अक्षरं मले पाहिलं का मुंगळ्यायवानी पळते, तेव्हाही पळत, आजही पळते. ती म्हणते, "आबा, खटल्याचं आधीच सांगू नका, लोकायले हळूहळू कळू द्या." म्या म्हटलं, बाई, हळूहळू कळणं हेच तं माह्यं जन्माचं दुखणं आहे, लोकायले तरी लवकर कळू दे.

आमचा तांडा दिग्रसच्या अलीकडे, सडक सोडून आत. आजाच्या वक्ताले आमचे लोक बैलायच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, मंग वावरं झाली अन् फिरणं थांबलं, पण ढोरायचा नाद काही सुटला नाई. घरात माणसायच्या आधी बैलायच्या घागरमाळा जाग्या होत. त्याच्यानंतर याडी उठे. आईले आमच्यात याडी म्हणते. तिच्या दंडावर खांद्यापरेंत बलिया, म्हणजे आमच्या बायकायच्या पांढऱ्या बांगड्या, चढवलेल्या, तिनं पिठात हात घातला का त्या एकमेकीवर आपटत, अन् त्या आवाजावरून मले अंथरुणातच समजे का आज बाटी ज्वारीची आहे का बाजरीची. बाजरीले ती जास्त जोर लावे. बाटी म्हणजे आमची जाड भाकर. तिच्यावर जवसाची चटणी, अंबाडीची भाजी असली तं असली, अन् मधात बोटानं खड्डा करून तेल. दोन कोस चालत शाळेत जायचं म्हणून दोन बाट्या फडक्यात बांधून मिळत. मी माही पहिल्या नाल्यावरच संपवो अन् दुसऱ्या नाल्यावर सुमनच्या बाटीकडे पाहत बसो.

सुमन माही लहान बहीण, आठवीत होती. तिच्यापासून अक्षरं पळत नसत, उलट येऊन हातावर बसत. तांड्यातून शाळेत जाणारे आम्ही दोघंच, अन् आमच्या बापाची, बापूची, अट एकच होती: पोरगी एकटी दोन कोस चालणार नाई. भाऊ संगं असन तं जाईन, भाऊ नाई तं तिचंही बंद. म्हणजे हजेरीत माह्यं नाव होतं म्हणून सुमन शाळेत होती. घरात सगळ्यात हुशार माणूस सगळ्यात ढ माणसाच्या भरवशावर शिकून राह्यला होता, अन् ढ माणसाले त्याची फिकीर नव्हती.

माह्या डोक्यात एकच किडा, लोकायले हसवणे. हेडसरायचा खोकला, एसटीच्या कंडक्टरचं "चला पुढं सरका", गाभण म्हशीचं उठणं, सगळ्यायच्या नकला मले येत. घरी बैलायसमोर करून पाहिल्या, ते रवंथ करत राहते, त्यायच्यासमोर मजा नाई. जोकराले माणसं लागते, अन् साठ माणसं एका जागी गप बसलेली फक्त शाळेतच भेटत. त्या पायी मी शाळेत जात होतो, शिक्षणाचा मले कोणी आरोप करू नये. तं एका दिवशी प्रार्थनेच्या वेळी हेडसर पुढं खोकलले अन् मागून मी खोकललो. तेच खोकलणं, तोच शेवटचा हुंकार. सारी शाळा हसली. हेडसरायनं मागं वळून पाहिलं तं मी अजून हुंकारातच होतो.

मले हापिसाबाहेर कान धरून उभं केलं. आत हेडसर हजेरीपट उघडून बसलते अन् समोर खोब्रागडे बाई. बाई आमच्या मराठीच्या. यवतमाळच्या, खळ दिलेलं सुती लुगडं, आवाज बारीक, पण वर्गात चालल्या का शेवटच्या बाकापरेंत चालत. बाकीचे मास्तर तिकडे येत नसत, तिकडे मी राहो.

"नाव काटतो याचं," हेडसर म्हणाले. "तीन वर्षं झाली. दुसऱ्या पोरायले बिघडवते."

"सर, शनिवारी वर्गात कादंबरीचा खटला आहे. आरोपी हाच आहे."

"आरोपी तं हा रोजचाच आहे, बाई."

"मग एक दिवस रीतसर होऊ द्या ना. न्यायाधीश तुम्हीच बसा. निकाल लागल्यावर काय करायचं ते करा."

हेडसरायनं पट बंद केला. "शनिवार," म्हणाले. "त्याच्यापुढं एक दिवस नाई."

परत जातांनी म्या सुमनले हे सगळं नकला करून सांगितलं. ती हसली नाई. दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं अन् म्हणाली, "भिया, तुह्यं नाव काटलं तं मी सोमवारी काय करू?" भिया म्हणजे भाऊ. म्या म्हटलं, "बाट्या." तिनं मले ढकललं नाई, शिव्याही दिल्या नाई. पुढं चालत राह्यली. तेव्हा पहिल्यांदा मले माह्याच जोकचं हसू आलं नाई.

आता खटल्याचं सांगतो. बाईची शिकवायची तऱ्हा निराळी होती. बाकीचे मास्तर धडा वाचत अन् खालचे प्रश्न फळ्यावर लिहून देत. बाई म्हणत, "या पुस्तकातल्या माणसाला वर्गात आणा, उभं करा, अन् तोंडावर विचारा, तू असं का केलंस." वाचायले एक जुनी जाडजूड कादंबरी होती, शाळेत तिच्या तीन प्रती. एक हेडसरायच्या कपाटात, एक सरकारी वकिलाले, एक आरोपीले. माह्या वाट्याले आली तिचं कव्हर गेलतं अन् शेवटची पानंही गेलती. म्हणजे सुरुवात कोणाची अन् शेवट काय, दोन्ही मले माहीत नाई. माह्या साऱ्या जिंदगीचं तसंच आहे म्हणा.

कादंबरी अशी: एका गावात धोंडबा नावाचा माणूस कोंडवाडा सांभाळे. दुसऱ्याच्या वावरात शिरलेली ढोरं कोंडायची जागा ते. दुष्काळ पडला, ढोरं मोकाट फिरू लागली, कोंडवाडा भरला, अन् पाणी संपलं. धोंडबा पाटलाकडे पाणी मागाले गेला तं पाटलानं त्याले चारचौघात थापड मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडवाड्याचं फाटक उघडं होतं. ढोरं पाटलाच्या उभ्या उसातून गेली, सारा ऊस झोपला, अन् पाटलाचा म्हातारा गुराखी पायाखाली सापडून मेला. धोंडबाले धरलं. आता प्रश्न असा का, त्यानं सूड घेतला का नाई?

सरकारी वकील होती विजया, वर्गात दुसरी येणारी, डोळे असे का खोटं बोलायच्या आधीच माणूस कबूल होईन. माहा वकील अरविंद, पहिला येणारा. त्याचे काका पुसदच्या कोर्टात कारकून, त्यायच्याकडून त्यानं काळा कोट आणलता, गुडघ्यापरेंत येणारा. अरविंदनं मले सांगितलं, "परश्या, तू फक्त उभा राहा. तोंड उघडू नको. मी म्हणणार का फाटकाची कडी गंजली होती, ते आपोआप उघडलं. पाहणारा साक्षीदार नाही, केस खतम." सगळ्यायनं दिग्रसहून गाईड आणलतं, तीन पानात अख्खी कादंबरी. त्यातही लिहिलं होतं, सूडानं पेटून धोंडबानं जनावरं पाटलाच्या पिकात हाकलली. वर्गात पुस्तक कोणीच पूर्ण वाचलं नव्हतं. वाचायची गरजही नव्हती.

अन् मले तं वाचताच येत नव्हतं. तीन वर्षं म्या हे लपवलं. मास्तरानं वाचाले उभं केलं का मी काही तरी सोंग करो, वर्ग हसे, मास्तर चिडून बसवून देत. सारा जोकरपणा त्याच्यासाठी होता का काय, आता म्हातारपणी मले तसा शक येते.

तं पुस्तक वाचलं सुमननं. सहा दिवस, दिवेलागणीच्या वक्ताले, चुलीपुढं. याडी बाट्या थापे, बापू दोर वळत बसे, मी जाळ सारायच्या नावानं काड्या मोडो, अन् सुमन मोठ्यानं वाचे. घरी आमची बोली गोर, पुस्तकाची मराठी पल्लेदार जुनी, म्हणून ती एक वाक्य पुस्तकातलं वाचे अन् मंग तेच आमच्या बोलीत याडीसाठी सांगे. मले प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई. माह्या डोक्यात वाचलेलं राहत नसे, पण ऐकलेलं चिखलातल्या पायासारखं उमटे. खोकला उमटे तसा. धोंडबाले थापड बसली तेव्हा याडीनं थापता थापता हात थांबवला. बलिया गप झाल्या. म्हणाली, "मंग?" दुसऱ्या दिवशीपासून तिची भाकर जळू लागली. बापू रोज दोर सुमनच्या जवळ जवळ घेऊन बसे.

ढोरं उसातून गेली ते पान आलं त्या दिवशी म्या म्हटलं, "याडी, गाईडात लिहिलं आहे, त्यानं मुद्दाम पिकात घातली."

याडीनं मले असं पाहिलं का जसं मीच लिहिलं. "गाईड लिहिणाऱ्याच्या घरी ढोर आहे का रे, छोरा? सुमन, मागचं वाच पुन्हा. ढोरायनं ऊस खाल्ला का मोडला?"

सुमननं पाहिलं. "मोडला, याडी. खाल्ला असं नाई लिहिलं."

"आठ दिवसाचं उपाशी ढोर हिरवा ऊस तोंडाशी आला अन् खाल्ला नाई?" ती म्हणाली. "ते भुकेलं नव्हतं. तहानलेलं होतं. तहानलेल्या ढोराले कोणी हाकलत नाई अन् कोणी रोकत नाई, ते पाण्याच्या वासावर जाते. पुढं वाच, पाणी कुठं होतं पाह्य." सुमननं पुढं वाचलं, अन् पाणी सापडलं. बापूनं पहिल्यांदा दोर खाली ठेवला.

शेवटची पानं नव्हती तिथं वाचन थांबलं. याडी म्हणे, "त्याचं काय झालं?" आम्ही म्हटलं, माहीत नाई. ती म्हणे, "शनिवारी इचारून या." तिले वाटे का शनिवारी खरोखरच ठरणार आहे. अन् शुक्रवारी बापूनं मले जवळ बसवलं. बापू आमच्या नसाबात बसे. तांड्यात भांडण झालं का निंबाखाली पंचायत बसते, तिले नसाब म्हणते. त्यानं सांगितलं, "उद्या उभा राहशील तं आपल्या तोंडानं बोलजो. ज्याच्यासाठी दुसरा बोलते, त्याच्या पोटात काही तरी आहे असं पंच समजते. केलं असन तं पहिले कबूल कर. मंग काहून केलं ते सांग." म्या हाव म्हटलं. अरविंदच्या गंजलेल्या कडीचं मले त्या वेळी काही आठवलं नाई. हे माह्या डोक्याचं असंच.

शनिवार आला. टेबल आडवा पाडून कठडा केलता. हेडसर खुर्चीवर, हातात तासाचा टोल वाजवायचा लाकडी हातोडा. पाच पोरं पंच म्हणून भिंतीले लागून. दारात अन् खिडकीत आठवीचा वर्ग गोळा झालता, त्यात सुमन, ओढणीच्या शेवाले काही तरी गाठ मारलेली. मी बापूचं धोतर अन् पागोटं घालून आलतो, ते दोनदा सुटलं. शपथ कोणत्या पुस्तकावर घ्यायची यावर वाद झाला, तं बाई म्हणाल्या, "याच कादंबरीवर घ्या." मी बिनकव्हरच्या पुस्तकावर हात ठेवला अन् सवयीनं खोकललो. हेडसरायवानी. वर्ग फुटला. हातोडा आपटला. म्या हंबरूनही दाखवलं, कोंडवाड्याचा माणूस म्हणून. लोक बाकायवर लोळले. मले वाटलं, वा परश्या, खटला जिंकला.

विजया उठली. ती हसली नव्हती. "धोंडबा," ती म्हणाली, "पाटलाचा म्हातारा गुराखी मेला. त्याची बायको घरी आहे. तुम्ही इथं हंबरून दाखवता. त्या दिवशीही हसले होते का?"

बाकायवर लोळणारे उठून बसले. मले आजही ते आठवते. म्या दाराकडे पाहिलं तं सुमनचे ओठ हलून राह्यले होते, जसं ती वाचते तेव्हा हलते. अरविंद कोट सावरत उठला, "माय लॉर्ड, माझ्या अशिलाच्या वतीनं मी..."

"तू बस बे," म्या म्हटलं. "फाटक म्या उघडलं."

अरविंदच्या हातातून त्यानं लिहून आणलेली पाच पानं खाली पडली. "अबे परश्या, कडी! कडी गंजली होती!" तो हळू बोलला, पण हळू बोलणं त्याले येत नसे.

"कडी चांगली होती. म्या माह्या हातानं काढली. म्हातारा मेला, तो म्या फाटक उघडलं म्हणून मेला. तो नाई उठत आता, अन् ते माह्यावर आहे." पागोटं पुन्हा सुटलं, या वेळी म्या ते बांधलं नाई, काढून कठड्यावर ठेवलं. "पण विजयाबाई, पाटलाच्या पिकात म्या ढोर घातलं नाई. थापडीचा सूड घ्यायचा असता तं मी विळा घेऊन गेलो असतो. ढोरं माह्या कोंडवाड्यात जिभा काढून मरून राह्यली होती. मले सांगा, ढोरायनं ऊस खाल्ला का?"

"मोडला," विजया म्हणाली. "सारा मोडला."

"म्या इचारलं, खाल्ला का?"

तिनं हातातल्या प्रतीत पाहिलं. पंचायमधला एक पोट्टा, गावातला, घरी चार म्हशी असलेला, एकदम म्हणाला, "अबे हो ना! उपाशी ढोर ऊस सोडते का?"

"नाई सोडत. तहानलेलं सोडते. ऊस रस्त्यात होता, ढोरं पाण्याले चालली होती. पाटील म्हणे गावात पाणी नाई. मंग माह्या ढोरायले वास कशाचा आला?"

हेडसर पुढं झुकले. हातोडा खाली ठेवला. "हे तुझ्या मनाचं सांगतो का पुस्तकात आहे?"

"पुस्तकात आहे, सर."

"पान दाखव. पुराव्याबिगर चालणार नाही." अन् त्यायनं ते बिनकव्हरचं पुस्तक उचलून माह्या हातात देलं.

 साठ लोक, हेडसर, बाई, दारात सुमन, अन् मी उघडं पुस्तक धरून उभा. मुंगळे पळाले. तीन वर्षं लपवलेलं एका मिनिटात उघडं पडणार होतं. सोंग करायचं तं हीच वेळ होती, खोकला तयार होता घशात. म्या पुस्तक मिटलं.

"सर, मले वाचता येत नाई," म्या म्हटलं. आज दुसऱ्यांदा कबूल केलं. "बहिणीनं वाचून दाखवलं. पान मले सापडणार नाई. पण मी म्हणून दाखवतो, ज्याले वाचता येते त्यानं पाहावं." अन् म्या डोळे मिटले. चूल दिसली, बलिया ऐकू आल्या, अन् सुमनच्या आवाजात ते वाक्य आलं, तिच्याच चालीवर: "पाटलाच्या मळ्यातील हौद काठोकाठ भरलेला होता. म्हाताऱ्याने आवाराचे कुलूप लावले, किल्ली कमरेस खोचली, आणि तो माघारी वळतो न वळतो तोच धुळीचा एक लोट त्याच्या अंगावर चालून आला."

विजयानं तिच्या प्रतीत पानं उलटली. इतक्या जोरानं का मले वाटलं फाटते. उलटता उलटता थांबली. बोट ठेवलं. मंग तिनं वाचलं, मोठ्यानं. हौद काठोकाठ, कुलूप, किल्ली, न वळतो तोच. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. विजयानं पुस्तक खाली ठेवलं अन् स्वतःच म्हणाली, "गाईडात हे नाही." ती सरकारी वकील होती, तिनं म्हणायले नको होतं. पण तिनं म्हटलं. विजयाचं मले तेव्हापासून भ्याव वाटणं बंद झालं अन् आदर वाटणं सुरू झालं, तो अजून आहे.

पंच फळ्यामागं गेले. लय भांडले, सगळं ऐकू येत होतं. एक म्हणे सोडा, एक म्हणे म्हातारा मेला त्याचं काय, म्हशीवाला म्हणे कुलूप लावायले सांगणाऱ्या पाटलाले काहून उभं नाई केलं. बाई खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या, अन् त्यायचा चेहरा असा होता जसा याडीचा बाटी फुगली का होते. पंच बाहेर आले. फाटक उघडलं, दोषी. सूड घेतला, नाई. पाण्याले कुलूप लावायले सांगणारा पाटील, तोही दोषी. हेडसर म्हणाले, "आरोपी, शिक्षेबद्दल काही बोलायचं?"

"म्हाताऱ्याच्या घरी जे ढोर असन ते मी जन्मभर राखतो," म्या म्हटलं. "त्याच्या बायकोनं हाक मारली का पहिले मी. अन् त्या आवाराचं कुलूप आजपासून निघालं पाहिजे. नाई तं पुढच्या दुष्काळात दुसरा धोंडबा आहेच."

हेडसरायनं हातोडा उचलला अन् आपटला. "मान्य." वर्गानं असा कल्ला केला का बाजूच्या वर्गातले मास्तर धावत आले. अरविंद मले मिठी मारून म्हणे, "जिंकलो आपण," जसं काही त्याचा हात होता. चला, कोट तं त्याचाच होता.

तितक्यात सुमन आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. तिनं ओढणीची गाठ सोडली, आत गुळाचा खडा. याडीनं सकाळी देलता, निकाल झाला का वाटजा म्हणून. नसाब उठतांनी तसंच करते. तिनं सगळ्यात आधी हेडसरायपुढं हात केला. "काय आहे हे?" हेडसर म्हणाले. "गूळ आहे, सर. निकाल लागला ना." त्यायनं एक तुकडा तोंडात टाकला. मंग बाईनं घेतला, विजयानं, पंचायनं. मीही घेतला, दोन घेतले.

मंग सुमन तिथंच उभी राह्यली. आठवीतली पोट्टी, हेडसरायच्या खुर्चीपुढं, हात मागं बांधून. "सर, आमच्या तांड्यात गूळ खाल्ल्यावर त्या माणसाचा जुना मामला पुन्हा काढता येत नाई. भियाचं नाव काटायचं होतं ना. तुम्ही गूळ खाल्ला."

हेडसर चघळता चघळता थांबले. थुंकावं तं वर्ग पाहून राह्यला, गिळावं तं मामला मिटला. बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या, त्यायचे खांदे हलून राह्यले होते. हेडसरायनं गिळलं. मंग खोकलले, तोच खोकला, तोच हुंकार, अन् सारी शाळा माह्याकडे पाहू लागली. म्या दात दाबून धरले. जिंदगीत इतकं अवघड काम म्या पुन्हा केलं नाई.

"गूळ चांगला आहे," हेडसर म्हणाले. "सोमवारी दोघंही वेळेवर या. अन् बाई, याला वाचायला शिकवायचं तुमच्याकडे."

बाईनं लय मेहनत केली. मुंगळे थोडे हळू पळू लागले, इतकंच. नववी कशीबशी पास झालो, दहावीनं मले ठेवून घेतलं, पण तवर सुमनची दहावी झाली अन् बापूची अट कोणाले आठवतही नव्हती. मी पुढं भोंग्यावर बोललो, बाजारात, लग्नात, ऑटोत बसून. तोंडावरच पोट भरलं. सुमन शिकली अन् मास्तरीण झाली, मंग हेडमास्तरीण, आता रिटायर आहे. काल फोनवर तिले हे वाचून दाखवलं वैष्णवीनं, तं म्हणते, "गूळ म्या एकटीनं वाटला, अन् तू दोन नाई, तीन खाल्ले." लिही बाई, तीन.

त्या शनिवारी संध्याकाळी घरी पोचलो तं याडी चुलीपाशीच होती. "काय ठरलं?" सुमननं सगळं सांगितलं, ढोर राखायचं, कुलूप काढायचं. बापूनं एवढंच इचारलं, "आपल्या तोंडानं कबूल केलं का?" म्या म्हटलं, "दोनदा." त्यानं त्याच्या ताटातली बाटी माह्या ताटात टाकली. याडीनं मान हलवली. "बरोबर संपलं," म्हणाली, अन् पुढची थापाले घेतली.

पुढच्या आठवड्यात बाईनं शेवटची पानं वर्गात वाचली. पुस्तकात धोंडबाले जन्मठेप होते, अन् हौदाले कुलूप तसंच राहते. सुमननं अन् म्या नाल्यावर बसून ठरवलं का हे घरी सांगायचं नाई. याडी म्हातारी झाली, नातवंडायले ती गोष्ट सांगे, अन् दर वेळी शेवटी धोंडबा त्या म्हातारीची गाय चारून संध्याकाळी आणे अन् उघड्या हौदावर पाणी पाजे. वैष्णवीनं ती गोष्ट तशीच ऐकली आहे. आता लिहितांनी तिले पुस्तकातला शेवट समजला, तं तिनं पेन खाली ठेवला अन् मले म्हणाली, "आबा, पुस्तकवाल्यायचं चुकलं."